निजलेली यशोधरा : गृहत्यागाच्या चित्रपरंपरेविषयी

मंचकावर यशोधरा निजलेली आहे. तिच्या कुशीत तान्हा राहुल. त्याच्या मस्तकावर आईचा हात. समईची ज्योत मंदावली आहे, खिडकीतून चांदणे आत आले आहे. दाराचा पडदा एका हाताने बाजूला सारून तरुण सिद्धार्थ उंबरठ्यावर थबकला आहे. चित्र चांगल्या हाताचे असेल तर खाली अंगणात कंठकाचा लगाम धरून उभा असलेला छन्नही दिसतो. हे चित्र न पाहिलेला बौद्ध मनुष्य महाराष्ट्रात विरळा. विहाराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या पानावर, दीक्षाभूमीच्या परिसरात मांडलेल्या तसबिरींच्या दुकानांत, मुलांसाठी काढलेल्या सचित्र बुद्धचरित्रात ते कोणत्या ना कोणत्या रूपात असतेच. चित्रकार बदलतात, कागद आणि छपाई बदलते. प्रसंगाची मांडणी मात्र बदलत नाही.

ज्या घरात हे चित्र असते त्याच घरात बहुधा आणखी एक वस्तू असते : परमपूज्य बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ. वर्षावासात त्याचे सामुदायिक वाचन होते. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची हकीकत आली आहे आणि ती या चित्राशी जवळजवळ कोठेच जुळत नाही. ग्रंथातील यशोधरा निजलेली नाही. ती जागी आहे. इतकेच नव्हे, तर पतीला शब्द सुचत नसताना पहिल्यांदा तीच बोलते. भिंतीवरचे चित्र आणि चौरंगावरचा ग्रंथ अशा दोन परस्परविरोधी साक्षी एकाच खोलीत वर्षानुवर्षे नांदतात आणि या विसंगतीची फारशी कोणी दखल घेत नाही. मला ही गोष्ट केवळ तपशिलाची वाटत नाही. लहानपणी चित्रात जे पाहिले ते मनात खोलवर जाते आणि मोठेपणी वाचलेला मजकूर आपण नकळत त्या चित्राच्या चौकटीत बसवून घेतो. ग्रंथ कितीही स्पष्ट असला तरी डोळे मिटल्यावर आपल्याला यशोधरा निजलेलीच दिसते.

हे चित्र कोठून आले, हे पाहावयाचे तर प्रथम वाङ्मयाकडे वळावे लागते. गृहत्यागाविषयी स्वतः तथागतांच्या मुखात घातलेली सर्वांत जुनी माहिती मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात आहे. ती फार थोडक्यात आहे. आपण ऐन तारुण्यात असताना, आईवडिलांची इच्छा नसताना, ते अश्रू ढाळीत असताना केस व दाढी उतरवून काषाय वस्त्रे परिधान केली आणि घर सोडले, एवढेच तथागत तेथे सांगतात. या निवेदनात रात्र नाही, घोडा नाही, शयनगृह नाही. उलट आईवडील समोर आहेत आणि रडत आहेत. जे रडत आहेत त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, हे उघड आहे. चोरपावलांनी निघून गेलेल्या मुलासाठी आईवडील सकाळी रडतील. त्याचे मुंडन होत असताना नव्हे.

मग मध्यरात्र आली कोठून? जरा, व्याधी, मरण आणि प्रव्रजित यांच्याशी जोडलेली चार दृश्यांची कथा दीघनिकायाच्या महापदान सुत्तात आहे, पण ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धासंबंधी आहे. अस्ताव्यस्त निजलेल्या गायिका-वादिकांचे दृश्य विनयपिटकाच्या महावग्गात आहे, पण ते वाराणसीच्या यश नावाच्या श्रेष्ठिपुत्राच्या घरातले आहे. जातकाच्या अट्ठकथेला जोडलेल्या निदानकथेत, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास, हे सारे सिद्धार्थाच्या चरित्रात एकत्र आलेले दिसते. आपल्या तसबिरीतील बारकावे तेथे जसेच्या तसे सापडतात : सुगंधी तेलाचा दिवा, मुलाच्या मस्तकावर आईचा हात, आणि उंबरठ्यावर पाय ठेवून उभा असलेला बोधिसत्त्व. तिचा हात बाजूला करून मुलाला घ्यावे तर ती जागी होईल आणि जाण्यात विघ्न येईल, हा विचारही तेथे आहे. बाजारातल्या स्वस्त छापील चित्राने दीड हजार वर्षांपूर्वीच्या मजकुराशी इतके इमान राखावे, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. त्या अज्ञात चित्रकारांनी पाली वाचली नसेल. परंपरा हातातून हातात आली असेल. इमान आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो कोणाशी इमान, हा.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे चार प्रश्न उपस्थित केले त्यांतील पहिलाच प्रव्रज्येचा आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा, आजारी वा मृत मनुष्य पाहिला नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. त्याऐवजी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला कलह पुढे ठेवतात. त्यांच्या आधी धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताकडे लक्ष वेधले होते. शस्त्र हाती घेण्यातून भय निर्माण होते. अपुऱ्या पाण्यात तडफडणाऱ्या मासळीसारखी माणसे एकमेकांवर उठलेली पाहून आपल्याला उद्वेग आला, अशा आशयाच्या त्या गाथा आहेत. अभ्यासकाने येथे एक गोष्ट लपवू नये. त्या सुत्तात रोहिणीचे नाव नाही, आणि पाली अट्ठकथांत रोहिणीचा तंटा येतो तो बुद्धत्वप्राप्तीनंतर. तथागत स्वतः जाऊन तो मिटवतात. म्हणजे बाबासाहेबांची मांडणी ही विखुरलेल्या सामग्रीची विवेकाने केलेली जुळवणी आहे. पण जुळवणी निदानकथाकारानेही केलीच होती. त्याने विपस्सीची दृश्ये आणि यशाची रात्र उचलून सिद्धार्थाला दिली. दोघांचे प्रश्न वेगळे होते. निदानकथाकाराला भोग आणि वैराग्य यांचा विरोध दाखवावयाचा होता. बाबासाहेबांना सत्सदसद्विवेक आणि बहुमत यांचा. चित्रकारांनी पहिली जुळवणी स्वीकारली. दुसरीला अजून चित्रकार मिळालेला नाही, आणि माझे म्हणणे मुख्यतः एवढेच आहे.

याचा अर्थ जुनी चित्रे भिंतीवरून काढून टाकावीत असा कोणी करू नये. ज्याला ही परंपरा पाहण्यात आनंद वाटतो त्यानेच तिच्याशी भांडावे. म्हणून थोडे मागे जाऊन तिच्यातले उत्तम काय ते पाहू.

गृहत्यागाचे सर्वांत थोर अंकन माझ्या मते रंगात नाही, दगडात आहे. सांचीच्या महास्तूपाच्या पूर्व तोरणावर, मधल्या आडव्या शिळेवर ते कोरलेले आहे. डावीकडे कपिलवस्तू नगर. तेथून घोडा निघतो आणि त्याच शिळेवर पुन्हा पुन्हा, उजवीकडे सरकत, तोच घोडा दिसतो. त्याच्यावर छत्र धरलेले आहे, पण पाठीवर कोणी नाही. त्या काळचे शिल्पकार तथागतांना मनुष्यरूपात दाखवीत नसत, हे आपण जाणतोच. शेवटी, उजव्या टोकाला, छत्र घोड्यावर नाही. ते जमिनीवरच्या दोन पावलांवर आहे, आणि छन्न त्या पावलांपुढे गुडघे टेकून आहे. त्याच्या खाली घोडा परत फिरला आहे. आता त्याच्यावर छत्र नाही. पहिल्या घोड्याची पाठही रिकामीच होती आणि शेवटच्या घोड्याचीही रिकामीच आहे. तरी पहिली रिकामी पाठ भरलेली वाटते आणि शेवटची खरोखर रिकामी वाटते. केवळ एका छत्राच्या जागेने शिल्पकाराने हे साधले. देवांनी घोड्याच्या खुरांखाली हात धरले आहेत, म्हणजे आवाज होऊ नये ही कल्पना तेथेही आहे, हे मान्य. पण निजलेल्या स्त्रीचा देह त्याला लागला नाही. एका माणसाच्या जाण्याने जगात कोणता बदल झाला, हे त्याला सांगावयाचे होते, आणि ते त्याने सांगितले.

गांधार शिल्पांत मात्र शयनगृह येते. मंचक, त्यावर पहुडलेली यशोधरा, भोवती वाद्यांवर मान टाकून निजलेल्या दासी. तथागत मनुष्यरूपात दिसू लागले आणि त्याबरोबर नाट्यही आले. ही शिल्पे कुशल आहेत. मला ती थंड वाटतात, हा कदाचित माझ्या रुचीचा दोष.

अजिंठ्याची गोष्ट निराळी. वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे निदानकथेच्या जवळपासच्याच काळात, ही लेणी रंगली. सोळाव्या लेण्यात, जे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दान केले, एक प्रख्यात चित्र आहे. जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळापासून त्याला ‘मरणासन्न राजकन्या’ म्हटले जाते. ते नाव चुकीचे आहे. ती तथागतांचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी आहे. नंदाने प्रव्रज्या घेतली ही वार्ता त्याच्या मुकुटासह तिच्यापर्यंत आली आहे. ती बसल्या जागी कलंडली आहे, मान खाली गेली आहे, मागून एक दासी तिला सावरीत आहे. मागे राहिलेल्या स्त्रीचे दुःख धम्माच्या गौरवाला बाधक ठरेल असे त्या चित्रकाराला वाटले नाही. विहाराच्या भिंतीवर, भिक्षूंच्या रोजच्या नजरेसमोर, त्याने ते मांडून ठेवले. ती स्त्री कोसळली आहे, पण निजलेली नाही. तिला सारे कळले आहे.

आणि सतराव्या लेण्यात, गर्भगृहाकडे जाताना अंतराळाच्या भिंतीवर, यशोधरा स्वतः आहे. हा प्रसंग जाण्याचा नाही, परतण्याचा आहे. तथागत काषाय वस्त्रात, हाती भिक्षापात्र घेऊन दारी उभे आहेत; आकृती प्रचंड, वरून छत्र आणि पुष्पवृष्टी. समोर दाराशी यशोधरा आणि राहुल, दोघेही फार लहान काढलेले, माना वर करून पाहत आहेत. हे प्रमाण प्रथम पाहणाऱ्याला खटकते. थोर पुरुष मोठा आणि सामान्य माणसे लहान, असा ढोबळ अर्थ लावून पुष्कळ जण पुढे जातात. मला त्यात दुसरेही काही दिसते. हे आकारमान राहुलाच्या नजरेतले आहे. ज्याला कधी पाहिले नाही असा बाप दारात उभा राहिल्यावर लहान मुलाला तो एवढाच दिसेल. आणि यशोधरेचा हात मुलाच्या पाठीशी आहे. ती त्याला पुढे करीत आहे की धरून ठेवीत आहे, हे चित्रकाराने उलगडून सांगितलेले नाही. महावग्गात राहुलमाता मुलाला सांगते की, हे तुझे पिता, जा आणि त्यांच्याकडे आपला वारसा माग. त्यावर राहुलाला प्रव्रज्या मिळते, आणि व्यथित झालेला शुद्धोदन तथागतांकडून मागून घेतो की यापुढे आईबापांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. हा नियम विनयात कायमचा राहिला. अनुमतीचा प्रश्न या कुटुंबाच्या इतिहासात इतका जिवंत असताना आपण मात्र अनुमतीला जागाच नसलेले चित्र भिंतीवर लावले.

अजिंठ्याची ही चित्रे लोकांपर्यंत पोहोचली तीही मोठ्या हानीतून. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या प्रतिकृतींचेही १८८५ च्या आगीत असेच झाले. उरलेल्यांवरून त्यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांनी येथे येऊन काम केले. या साऱ्या खटाटोपातून सामान्य माणसाच्या घरात काय आले, तर पहिल्या लेण्यातील पद्मपाणी. आणि त्याच्याही खाली पुष्कळदा ‘भगवान बुद्ध’ असे छापलेले असते. सतराव्या लेण्यातील यशोधरा दिनदर्शिकेवर क्वचितच येते.

घरोघरीच्या रंगीत चित्राची घडण दुसरीकडे झाली. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पौराणिक प्रसंग रंगभूमीच्या नेपथ्यात बसवून दाखवण्याची चाल सर्वत्र रूढ झाली : बाजूला पडदा, एका कोपऱ्यातून प्रकाश, मध्यभागी मंचक. बुद्धचरित्राची चित्रेही पुढे त्याच साच्यात पडली. (त्या काळच्या दशावतारांच्या छापील चित्रांत नवव्या जागी बुद्ध, आणि आपल्याकडे तर पुष्कळदा चक्क विठ्ठल, असे. बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा वाचताना ही चित्रे डोळ्यांसमोर आणावीत. ती केवळ ग्रंथांना नव्हे, भिंतींनाही उद्देशून आहे असे वाटते.) दुसरा उगम इंग्रजी काव्यातला. एडविन अर्नोल्ड हे, पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलेल्या पुण्यातील सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. इंग्लंडला परतल्यावर १८७९ मध्ये त्यांनी ‘द लाइट ऑफ एशिया’ हे आठ सर्गांचे काव्य प्रसिद्ध केले. त्याच्या उपशीर्षकातच महाभिनिष्क्रमण आहे आणि चौथा सर्ग त्या रात्रीला वाहिलेला आहे. युरोप-अमेरिकेत बुद्धाचे नाव घरोघर नेण्याचे श्रेय या काव्याला देणे न्याय्य आहे. त्याचबरोबर बुद्ध म्हणजे चांदण्या रात्री राज्य सोडून जाणारा हळवा राजपुत्र, ही प्रतिमा पक्की करण्याचे अपश्रेयही त्याचेच.

चित्रपटाने ही प्रतिमा थेट तेथूनच घेतली. १९२५ चा ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट अर्नोल्डच्या काव्यावर आधारलेला आहे. दिग्दर्शन फ्रान्झ ऑस्टेन आणि हिमांशू रॉय यांचे, पटकथा निरंजन पाल यांची, निर्मितीत म्युनिकच्या एमेल्का कंपनीचा वाटा आणि चित्रीकरणाला जयपूर संस्थानचे साहाय्य. हिमांशू रॉय स्वतः गौतम झाले, सीतादेवी गोपा झाल्या. शुद्धोदनाचे काम शारदा उकील यांनी केले, आणि हे उकील अवनींद्रनाथांच्या परंपरेतले चित्रकार होते, हा तपशील मला अर्थपूर्ण वाटतो. चित्रकला आणि चित्रपट यांचा सांधा येथे एका माणसाच्या देहातच जुळला आहे. चित्रपट आज पाहण्यासारखा आहे तो हत्ती, मिरवणुका, राजवाड्यांचे चौक आणि खऱ्या रस्त्यांवरची खरी माणसे यांसाठी. कथा मात्र नावाप्रमाणेच प्रेमाची आणि संन्यासाची. शाक्यांचा संघ, त्यांची सभा, त्यांचे शेजाऱ्यांशी नाते यांचा तेथे मागमूस नाही. कपिलवस्तू म्हणजे जयपूर आणि शुद्धोदन म्हणजे जयपूरचे महाराज!

सत्तर वर्षांनी बर्तोलुच्चींनी ‘लिटिल बुद्ध’ (१९९३) काढला. व्हित्तोरियो स्तोरारो यांचे छायाचित्रण असे की सिएटल नगरातली आजची कथा निळ्या छटेत आणि सिद्धार्थाची कथा सोनेरी-तांबड्या छटेत दिसते. राजवाडा निद्रेत बुडाला आहे आणि सिद्धार्थ निजलेल्या माणसांमधून वाट काढीत जातो, हा प्रसंग डोळ्यांना जिंकतो, हे मी नाकारणार नाही. पण या चित्रपटात एक प्रामाणिकपणाही आहे. सिद्धार्थाची कथा एका अमेरिकन मुलाला चित्रांच्या पुस्तकातून सांगितली जाते. आपण इतिहास पाहत नसून चित्रांचे पुस्तक पाहत आहोत, हे दिग्दर्शकाने कबूल करून टाकले आहे. २०१३ मध्ये हिंदी दूरचित्रवाणीवर आलेल्या लांबलचक बुद्धमालिकेत एवढाही संयम नव्हता.

चित्रपटाला मध्यरात्रीचे एवढे आकर्षण का, हे समजण्यासारखे आहे. दिवा, सावली, झोप, एक मूक चेहरा. बोलावे लागत नाही, पटवून द्यावे लागत नाही. आणि येथेच ती खोच आहे. झोपलेल्या माणसांना काही समजावून सांगण्याची गरज नसते. निर्णय कितीही थोर असो, तो ज्यांच्यावर कोसळणार त्यांची उत्तरे ऐकण्याचे बंधन कलाकाराच्या अंगावरून उतरते. यशोधरेला निजवून कवीने, चित्रकाराने आणि दिग्दर्शकाने आपली सोय पाहिली आहे.

याला चांगला अपवाद म्हणून मी १९५७ चा ‘गौतम द बुद्ध’ हा अनुबोधपट मानतो. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षाच्या निमित्ताने बिमल रॉय यांनी त्याची निर्मिती केली, राजबन्स खन्ना यांनी दिग्दर्शन केले आणि १९५७ च्या कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यात बुद्धाची भूमिका करणारा नट नाही. प्राचीन शिल्पे, भित्तिचित्रे आणि ती भूमी यांवरून कॅमेरा फिरतो. सांचीच्या शिल्पकाराचा संकोच जणू येथे पुन्हा जागा झाला आहे. बुद्धाचा चेहरा कोणा एका नटाच्या मालकीचा होत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण दगड आणि भिंती एकमेकींशी वाद घालीत नाहीत, आणि म्हणून संघातला प्रसंग त्यालाही दाखवता आला नसता.

तो कसा दाखवता येईल याची खूण मला अगदी दुसऱ्याच चित्रपटात सापडते. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) हा बुद्धावरचा चित्रपट नाही. त्याच्या उणिवांवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्यातली एकच गोष्ट येथे सांगावयाची आहे. मामुट्टी यांनी उभे केलेले बाबासाहेब सभागृहात बोलत असतात आणि समोरची बहुसंख्या ऐकत नसते, तेव्हा पडद्यावर खऱ्या अर्थाने नाट्य घडते. ठराव, विरोध, एकाकी माणूस, त्याचा न चढणारा आवाज : यांना ना चांदणे लागते ना वीणा. सभा चित्रपटात रंगत नाही, हा समज या प्रसंगांनी खोटा ठरवला आहे.

आता हाच डोळा घेऊन बाबासाहेबांच्या ग्रंथातले शाक्यसंघाचे प्रकरण वाचावे. सिद्धार्थ वयाच्या विसाव्या वर्षी संघाचा सभासद झालेला आहे. सभासदत्वाच्या आठव्या वर्षी कोलियांशी संघर्ष होतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहतो आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्यांनी पाचवा निवडावा व पाचांनी तंटा मिटवावा, अशी दुरुस्ती सुचवतो. तिला रीतसर अनुमोदन मिळते, मतदान होते आणि ती प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो. सिद्धार्थ शस्त्र धरण्यास नकार देतो. मग शिक्षेची भाषा : देहान्त अथवा देशत्याग, कुटुंबावर बहिष्कार, जमिनीची जप्ती. कुटुंबाला त्रास नको म्हणून तो स्वतःच प्रव्रज्येचा मार्ग सुचवतो. हे प्रकरण ज्यांनी लिहिले त्यांनी आयुष्यभर सभागृहे पाहिली होती. मुंबईचे विधिमंडळ, गोलमेज परिषद, संविधान सभा हे सारे त्या लेखणीच्या पाठीशी आहे. हिंदू संहितेच्या प्रश्नावर १९५१ मध्ये दिलेला मंत्रिपदाचा राजीनामाही. दुरुस्ती हरते तेव्हाची शांतता कशी असते, हे त्यांना पाठांतराने नव्हे, अनुभवाने माहीत होते.

हा प्रसंग काढू पाहणाऱ्या चित्रकाराला सामग्री कमी पडू नये. शाक्यांचे संथागार, म्हणजे सभागृह, कपिलवस्तूत होते. मज्झिमनिकायाच्या सेख सुत्तात नव्या संथागाराच्या उद्घाटनाचे वर्णन आहे. त्यात मधला खांब, पश्चिमेकडे तोंड करून भिंतीला टेकून बसलेले शाक्य, जमिनीवरची अंथरणी, पाण्याचा रांजण आणि तेलाचा दिवा हे सारे सांगितलेले आहे. दीघनिकायाच्या अंबट्ठ सुत्तात तर या संथागारात उंच आसनांवर बसून थट्टामस्करी करणारे शाक्यकुमारही भेटतात. मत देण्यासाठी वापरावयाच्या शलाका, त्या गोळा करणारा शलाकाग्राहक आणि ठराव मांडण्याची ‘ञत्ति’ यांची माहिती विनयपिटकात भिक्षुसंघाच्या संदर्भात आहे. गणसंघांच्या रीतीवरून ती घेतली असावी, असे अनेक विद्वानांचे मत आहे. राजवाडा, सिंहासन, मयूरपंखे यांपैकी काहीच लागत नाही. लाकडी खांबांचे एक लांब सभागृह, शेतीवाडी करणारे क्षत्रिय, एका बाजूला शलाकांचा मोठा ढीग, दुसऱ्या बाजूला लहान.

आणि त्यानंतरचे दुसरे चित्र. ते याहून अवघड आहे. सिद्धार्थ यशोधरेच्या दालनात येतो. काय बोलावे, कसे बोलावे हे त्याला कळत नाही. संघात काय झाले ते तिला आधीच कळलेले आहे. तुमच्या जागी मी असते तर हेच केले असते, असे ती सांगते. राहुल लहान नसता तर आपणही प्रव्रज्या घेतली असती, असेही. मग तो तिला मुलाला आणावयास सांगतो, एकदा डोळे भरून पाहतो आणि निघतो. तसबिरीतले सारे येथे आहे : तीच खोली, तेच मूल, तोच उंबरठा. स्त्री तेवढी उभी आहे आणि तिचे ओठ हलत आहेत. प्रौढ माणूस दुसऱ्या प्रौढ माणसाशी बोलत असताना त्याचा चेहरा कसा काढावा, हे अजिंठ्याच्या चित्रकारांना येत होते. आपल्यातल्या कोणाला तरी ते शिकावे लागेल. कलाशाळांतून शिकून बाहेर पडलेली आपली मुलेमुली आज थोडीथोडकी नाहीत. मुलींपैकी कोणी हे काम हाती घेतले तर यशोधरेच्या चेहऱ्यावर संमतीबरोबर आणखी काय काय उमटेल, हे पाहण्याची मला फार उत्सुकता आहे. ग्रंथात तिच्या अश्रूंचा उल्लेख नाही. पण तिने ते आवरले होते की ते आलेच नव्हते, हे ठरवण्याची मोकळीक चित्रकर्त्रीला राहील.